जीववैद्यक शास्त्रात पीएचडी करताय? करिअरची तयारी पहिल्या वर्षापासून अशी करा

पीएचडीला लागलेल्या मुलाला किंवा मुलीला घरचे, पाहुणे, शेजारी एकच प्रश्न विचारतात: संपणार कधी? संपल्यावर काय, हे घरीही कुणी विचारत नाही आणि लॅबमध्येही नाही. गाइडने (संशोधन मार्गदर्शकाने) स्वतः बहुधा एकच वाट धरलेली असते. पीएचडी, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं काही वर्षांचं तात्पुरतं संशोधन), परत येऊन प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ. ती वाट ते चांगली दाखवतात. पण एक गाइड कारकिर्दीत दहा-पंधरा विद्यार्थी तयार करतो आणि निवृत्त होताना एकच खुर्ची रिकामी करतो, आणि ती भरली जाईलच याचीही आपल्याकडे खात्री नाही. म्हणजे बहुतेकांना दुसरीकडेच जायचं असतं. तयारी मात्र सगळ्यांची त्या एका खुर्चीसाठी चाललेली असते.

पुण्यातलं एनसीसीएस किंवा आयसर, खारघरचं ॲक्ट्रेक, माटुंग्याचं आयसीटी नाहीतर एखाद्या विद्यापीठाचा बायोटेक्नॉलॉजी विभाग, यांपैकी कुठेही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर पुढचं क्रमाने वाचा. पाचव्या वर्षाला असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.

पहिला महिना: पैसे आणि तारखा

करिअरच्या गप्पा नंतर. आधी एक कागद घ्या आणि तारखा लिहा.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला (सिनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ, सगळी मिळून पाच वर्षं. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, वर दोन वर्षांची वाढ मिळू शकते, आणि महिलांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. पदवीची मुदत सहा वर्षं, पैसे पाच वर्षं. प्राण्यांवरचे प्रयोग असतील, रुग्णांचे नमुने गोळा करायचे असतील, एथिक्स कमिटीच्या मंजुरीतच सहा महिने गेले असतील, तर सहावं वर्ष उजाडतंच. तो खर्च कशातून निघणार, हे दुसऱ्या वर्षी विचारलं तर गाइडच्या एखाद्या प्रकल्पात सोय होऊ शकते. पाचव्या वर्षाच्या शेवटी विचारलं तर बहुधा नाही.

कागदावर चार तारखा हव्यात: फेलोशिप सुरू झाली ती, विद्यापीठात नोंदणी झाली ती, एसआरएफच्या मूल्यमापनाची आणि फेलोशिप संपण्याची. संस्थेत काम आणि पदवी विद्यापीठाची अशी व्यवस्था असेल तर पहिल्या दोन तारखांत कित्येक महिन्यांचं अंतर पडतं आणि मुदत मोजताना तिथेच गोंधळ होतो.

राष्ट्रीय फेलोशिप नसेल तर आपल्या राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा, कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग) यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. जाहिराती वेळेवर येतील असं समजू नका, संकेतस्थळावर स्वतः नजर ठेवा. कुठलीही फेलोशिप असो, पैसे दोन-तीन महिने रखडतात. तेवढ्या दिवसांचं घरभाडं आणि मेसचा खर्च बाजूला असला की गाइडपुढे उगाच ओशाळं व्हावं लागत नाही.

गाइडशी बोलायचं कसं

नवख्यांची मोठी अडचण ही की गाइडशी बोलणं म्हणजे निकाल दाखवणं असा समज होतो. वर्षातून एक बैठक अशी मागून घ्या जिच्यात एकही ब्लॉट (प्रयोगाच्या निकालाचं चित्र) निघणार नाही. 'सर, पुढच्या आठवड्यात अर्धा तास हवा होता, थिसिसच्या आखणीबद्दल बोलायचंय,' एवढं पुरे. 'करिअरबद्दल' असं सुरुवातीलाच म्हटलं की काही गाइडना वाटतं मुलगा लॅब सोडून चालला. 'थिसिसची आखणी' म्हटलं की कुणी दचकत नाही, आणि बोलणं आपोआप पुढच्या गोष्टींकडे वळतं.

त्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिला पेपर कोणत्या आकृत्यांवर उभा राहणार, कोणता प्रयोग जमला नाही तर कधी सोडून द्यायचा, आणि या वर्षी तुम्ही लॅबबाहेरचं काय शिकणार. संध्याकाळी दोन ओळींची ईमेल टाका: आज असं असं ठरलं. गाइड विसरतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण ती ईमेल दीड वर्षाने फार उपयोगी पडते.

सल्लागार समितीचाही उपयोग करा. नियमाप्रमाणे दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. बहुतेक विद्यार्थी ही बैठक कशीबशी उरकतात. समितीतल्या बाहेरच्या सदस्याला नंतर चहाच्या वेळी गाठून, 'मॅडम, या कामाचं पुढे काय होऊ शकतं असं तुम्हाला वाटतं?' हे विचारून बघा. पुढे शिफारसपत्रं तीन लागतात आणि गाइडचं त्यातलं एकच असतं. उरलेली दोन कोण देणार, याची बेगमी इथूनच करायची.

गाइडशी अजिबात जुळत नसेल, झोप उडाली असेल, लॅबच्या दारापाशी पोटात गोळा येत असेल, तर ते अभ्यासाचं ओझं म्हणून अंगावर काढू नका. संस्थेत समुपदेशक असतो, नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

वर्षातून एकदा स्वतःचा हिशेब

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षी वैयक्तिक विकास आराखडा लिहून घेण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडे तसं क्वचितच घडतं, पण साधन फुकट आहे. 'मायआयडीपी' नावाचं संकेतस्थळ 'सायन्स' नियतकालिकाची प्रकाशक संस्था एएएएसने २०१२ मध्ये सुरू केलं. तिथे आपली कौशल्यं, आवडी आणि आपण कशाला किंमत देतो याबद्दलचे प्रश्न आहेत, आणि उत्तरांवरून विज्ञानातल्या वीसेक वाटांपैकी कोणत्या जुळतात ते दाखवलं जातं. ते दाखवतं म्हणून तसंच करायचं असं नाही. मात्र 'मला दिवसभर एकट्याने वाचत-लिहीत बसायला आवडतं की दहा जणांना कामाला लावायला?' हा प्रश्न एकदा तरी लेखी सोडवा. पेट्री डिशपेक्षा एक्सेल शीट जास्त आवडते हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

काम तेच, मांडणी वेगळी

जवळजवळ प्रत्येक सीव्हीवर प्रयोगतंत्रांची हीच ओळ असते: 'वेस्टर्न ब्लॉट, क्यूपीसीआर, सेल कल्चर, फ्लो सायटोमेट्री, कन्फोकल.' सगळ्यांकडे तीच असल्यामुळे वाचणाऱ्याला तिच्यातून काहीच कळत नाही. तेच काम असं लिहा: 'लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीचं आठ रंगांचं पॅनल नव्याने बसवलं, त्याची एसओपी (लेखी कार्यपद्धती) लिहिली, नव्या विद्यार्थ्यांना शिकवलं, आता सगळी लॅब तेच वापरते.' यातून तंत्र आलं, लेखन आलं, शिकवणं आलं, आणि सुरू केलेलं काम तडीस नेता हेही आलं. असं लिहायला आठवणीवर भिस्त ठेवू नका. मोबाइलमध्ये एक नोंद उघडून ठेवा आणि महिन्याच्या शेवटी पाच मिनिटं तीत भर घाला. मशीन बिघडलं तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरशी कोण बोललं, अँटिबॉडीचे भाव कुणी घासाघीस करून कमी केले, प्रशिक्षणार्थी मुलांचं वेळापत्रक कुणी लावलं. कंपनीतले लोक यालाच अनुभव म्हणतात.

लॅब नोटबुकचंही तसंच. तारीख, लॉट नंबर, पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या ते), चुकलेली ओळ एका रेघेने खोडून सही. पीएचडीत हे कुणी तपासत नाही. औषध कंपनीत मात्र न लिहिलेलं काम झालंच नाही असं धरतात. ही सवय असलेला उमेदवार मुलाखतीत दहा मिनिटांत ओळखू येतो.

बेंचच्या कामाबरोबर एक डेटा-कौशल्य जमवा. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, दोन्हींतली एक चालेल. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर अभ्यासक्रम मोफत आहेत. पण अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रापेक्षा स्वतःच्या थिसिसच्या आकृत्या स्वतः कोड लिहून काढणं शंभरपट बरं. काम दाखवताही येतं आणि गाइडने 'हा एक नमुना वगळून परत बघ' म्हटल्यावर रात्रभर बसावं लागत नाही.

पेपर, नावांचा क्रम आणि घाई

यूजीसीने २०२२ च्या नियमांत थिसिसपूर्वी पेपर छापण्याची सक्ती काढली. त्यावर जाऊ नका. अनेक संस्थांनी स्वतःची अट कायम ठेवली आहे, आणि पोस्टडॉक हवा असेल तर प्रथम लेखक म्हणून एक पेपर लागतोच. या नियमांतल्या सवलतीचा आधार घेऊन आळस करणारे पुढे अडतात.

नावांचा क्रम प्रयोग सुरू होण्याआधी बोलून घ्या. संकोच वाटतो, पण पेपर लिहून झाल्यावर हे बोलणं दसपट अवघड होतं. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, लेखकपणाचे चार निकष आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात खरा बौद्धिक फेरफार, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. नुसतं मशीन वापरू देणं यात बसत नाही. तरी आपल्याकडे विभागप्रमुखांचं नाव शेवटून दुसरं लागतं ते लागतंच. त्यावर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लढाई करावी असं मी म्हणणार नाही. स्वतःचं नाव कुठे आहे तेवढं पक्कं करा.

पहिल्याच आठवड्यात ओआरसीआयडी क्रमांक काढा. जाधव, पाटील, कुलकर्णी या आडनावांचे संशोधक शेकड्यांनी आहेत, तुमचं काम तुमच्याच नावावर जमा व्हायचं तर हा सोळा आकडी क्रमांक लागतो. पेपर परीक्षणात अडकला असेल तर गाइडच्या संमतीने बायोआरकाइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा मसुदा) टाका. २०१३ पासून ही सोय आहे आणि फेलोशिपच्या अर्जात प्रीप्रिंट दाखवता येतो. 'तीन दिवसांत स्वीकृती' अशी ईमेल पाठवणाऱ्या नियतकालिकांना मात्र उत्तरसुद्धा देऊ नका.

वाटा कोणत्या

इथे जरा थांबू, कारण नवख्यांना 'इंडस्ट्री' हा एकच मोठा डबा वाटतो.

पुण्याच्या आसपास लस आणि जैवऔषधांचं काम मोठं आहे. हडपसरचं सीरम इन्स्टिट्यूट, हिंजवडीचं जेनोव्हा ही ठळक नावं. या क्षेत्रात क्वालिटी कंट्रोलच्या बऱ्याचशा जागा एमएस्सीवाल्यांसाठी असतात, आणि पीएचडी करून तिथे अर्ज केला की 'तुम्ही जास्त शिकलेले आहात' असं ऐकावं लागतं. पीएचडीवाल्याने संशोधन, प्रोसेस डेव्हलपमेंट, ॲनालिटिकल डेव्हलपमेंट अशा विभागांकडे बघावं. पहिल्या मुलाखतीत तुमच्या प्रथिनाचं आण्विक रहस्य कुणाला नको असतं. हाच प्रयोग हजार लिटरच्या टाकीत केला तर काय बिघडेल, हे विचारतात.

दुसरी वाट क्लिनिकल रिसर्चची, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचण्यांची. नवी औषधं आणि चाचण्यांचे २०१९ चे नियम आणि जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) या दोन गोष्टी वाचून गेलात तरी बाकीच्या उमेदवारांपेक्षा पुढे असाल. याच भागात मेडिकल रायटिंग येतं: चाचणीचे अहवाल, प्रोटोकॉल, नियामकांपुढे ठेवायचे दस्तऐवज. इंग्रजी फार अलंकारिक असायची गरज नाही, अचूक लागतं. निवडीसाठी बहुतेक ठिकाणी लेखी चाचणी घेतात, एखादा पेपर देऊन तीनशे शब्दांत सार लिहायला सांगतात. जर्नल क्लबच्या दर पेपरचं असं सार लिहून ठेवलंत तर तयारी झालीच म्हणायची. मुंबईत संशोधन लेखांच्या संपादनाचं कामही भरपूर आहे. कॅक्टस कम्युनिकेशन्स ही त्यातली जुनी कंपनी, आणि पीएचडी चालू असताना फ्रीलान्स काम करून बघता येतं. फेलोशिपच्या अटींत बाहेरच्या कमाईबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा.

पेटंटची वाट मला फार दुर्लक्षित वाटते. पेटंट एजंटच्या परीक्षेला कायद्याची पदवी लागत नाही. भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी एवढंच. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा, प्रत्येक लेखी पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के. अँटिबॉडी म्हणजे काय हे खरोखर समजणारा आणि दावे नीट शब्दांत बांधू शकणारा माणूस या धंद्यात हवाच असतो.

स्वतःचं काही करायचं असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर त्याचं भागीदार आहे. अर्ज नंतर करा, आधी त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या बाकावर बसा.

कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) हातात असू द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ मिळालेल्यांचा प्रश्न सुटलेलाच आहे. बाकीच्यांनी ही परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या आत उरकावी, नंतर जीवरसायनाची पाठ्यपुस्तकं पुन्हा उघडण्याची ताकद उरत नाही.

अनोळखी माणसाला ईमेल

यातली कोणती वाट आपली, हे लेख वाचून कळत नाही. त्या वाटेवरच्या माणसाशी बोलावं लागतं. आधी लॅबचे जुने सिनियर शोधा. सगळ्या लॅबचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि थिसिसच्या आभारांत नावं असतात. मग लिंक्डइन. निरोप छोटा ठेवा, साधारण या अर्थाचा:

'नमस्कार मॅडम, मी अमुक संस्थेत चौथ्या वर्षाला आहे, टी-पेशींवर काम करते. तुम्ही पीएचडीनंतर रेग्युलेटरी विभागात गेलात असं दिसलं. मलाही त्या कामाबद्दल जाणून घ्यायचं आहे. पुढच्या दोन आठवड्यांत तुमच्या सोयीने वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? सीव्ही जोडलेला नाही, नोकरीसाठी लिहीत नाही.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लोक नोकरी मागणाऱ्याला टाळतात, माहिती विचारणाऱ्याला सहसा टाळत नाहीत. फोनवर विचारायचं ते असं: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत? 'हे क्षेत्र कसं आहे?' विचारलं तर भाषण मिळतं, कालचा दिवस विचारला तर खरं काम समजतं. वीस मिनिटं झाली की आपणच फोन आवरता घ्या. दुसऱ्या दिवशी आभाराची ईमेल टाका, आणि सहा महिन्यांनी पेपर निघाला की तोही पाठवा.

मराठी घरांत 'ओळख काढणं' हा शब्द जरा नाक मुरडून वापरतात. वशिला आणि माहिती यांत फरक आहे. तुम्ही माहिती काढताय.

परिषदेला गेलात तर पोस्टर लावून त्यासमोरच उभे राहा, जेवणाच्या रांगेत पळू नका. परदेशी परिषदेसाठी एएनआरएफ, डीबीटी, सीएसआयआर, आयसीएमआर या केंद्र सरकारच्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था प्रवास अनुदान देतात, अर्ज कित्येक आठवडे आधी करावा लागतो. इंडियाबायोसायन्सच्या संकेतस्थळावर नोकऱ्या, फेलोशिप आणि परिषदा एकत्र सापडतात. आठवड्यातून एकदा चक्कर मारली तरी पुरे.

पोस्टडॉकला जायचं तर

दुसरं काही सुचत नाही म्हणून पोस्टडॉक, हे कारण पुरेसं नाही. त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. संशोधनातच राहायचं ठरलं असेल तर थिसिस देण्याच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी ईमेल सुरू करा. एकाच मजकुराच्या शंभर ईमेल पाठवण्यापेक्षा दहा लॅब निवडा, प्रत्येकीचा अलीकडचा एक पेपर वाचा आणि त्यात पुढे काय करून बघाल ते चार वाक्यांत लिहा.

स्वतःची फेलोशिप आणणाऱ्याला दार लवकर उघडतं. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत मिळू शकते, जर्मनीची हुंबोल्ट चार वर्षांच्या आत. भारत २०१६ पासून एम्बो या युरोपीय आण्विक जीवशास्त्र संघटनेचा सहयोगी सदस्य असल्याने तिथेही अर्ज करता येतो. पीएचडी चालू असतानाच काही महिने बाहेर काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची आहे. देशातच राहायचं असेल तर एएनआरएफची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप बघा, सर्वसाधारण गटाला वयाची मर्यादा ३५. आणि बाहेर जाऊन परतायचा बेत असेल तर डीबीटीच्या रामलिंगस्वामी फेलोशिपचं नाव आत्ताच वहीत टिपून ठेवा.

थिसिस दिल्यानंतरचे महिने

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. थिसिस जमा केला की फेलोशिप थांबते. मग तो परीक्षकांकडे जातो, अहवाल येतात, तोंडी परीक्षेची तारीख ठरते, आणि यात काही महिने सहज जातात. या काळात पगार नाही, वसतिगृहाची खोली सोडायला सांगतात, आणि नवी नोकरी किंवा व्हिसा पदवीच्या पुराव्यावर अडलेला असतो.

म्हणून थिसिस देण्यापूर्वीच तीन गोष्टी करा. गाइडच्या किंवा दुसऱ्या लॅबच्या प्रकल्पात चार-सहा महिन्यांची जागा बोलून ठेवा. वसतिगृहाच्या मुदतवाढीचा अर्ज द्या. आणि विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन तोंडी परीक्षेनंतर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं, अर्ज कुठल्या नमुन्यात आणि शुल्क किती, हे खिडकीवरच्या माणसाला विचारून या. बऱ्याच परदेशी संस्था 'सर्व अटी पूर्ण केल्या आहेत' अशा विद्यापीठाच्या पत्रावर रुजू करून घेतात. ते पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, शिक्क्यासह मागा. पासपोर्टवरचं आणि एमएस्सीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गॅझेटमधली दुरुस्ती या धावपळीत होत नाही, ती तिसऱ्या वर्षीच करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर नक्कीच, कारण पेपर एका नावाने, पदवी दुसऱ्या आणि व्हिसा तिसऱ्या नावाने निघाला की प्रत्येक कार्यालयात प्रतिज्ञापत्राची एक प्रत द्यावी लागते.